कडू मणी

६ जानेवारी

बारक्या,

फोनवर बाबांचं नाव काढलं की तू "बरं ताई, ठेवतो" म्हणतोस आणि खरंच ठेवतोस. कागद असा ठेवता येत नाही. फार तर फाडता येतो, पण फाडायच्या आधी माणूस वाचतोच. म्हणून लिहितेय.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. बाबांचं विसरणं म्हातारपणाचं नाही, आजाराचं आहे. नवीन काही टिकणार नाही आणि जुनं हळूहळू जाणार, आधी अलीकडचं, मग त्याच्या मागचं. मी विचारलं, किती वेळ आहे. ते म्हणाले, माणसागणिक वेगळं असतं. माझं संशोधन आठवणीवरच, म्हणून लोक मलाही हा प्रश्न विचारतात आणि मीही हेच उत्तर देते. बाबा बाहेरच्या बाकावर बसून शेजारच्या बाईंशी त्यांच्या चष्म्याबद्दल बोलत होते.

आता मुद्दा. त्यांना तुमचं भांडण आठवत नाही. अजिबात नाही. तू दुकान सोडून गेलास हेच त्यांच्या गावी नाही. दुकान आपण विकलं तेही नाही. त्यांच्या लेखी तू चष्म्याच्या काचा आणायला घाऊक बाजारात गेला आहेस आणि तुला जरा उशीर झालाय. दुपारी मी प्रयोगशाळेत असते तेव्हा फोन करतात, "बारक्या आला का?" मी म्हणते, येईल. जरा वेळाने परत तेच. शेजारच्या काकू दिवसभर त्यांच्याजवळ बसतात, त्यांनी हात टेकलेत. फोनचं पहिलं बटण दाबलं की मी, एवढं मात्र बाबांच्या बोटाला पक्कं ठाऊक आहे.

तुझी अट मला पाठ आहे. बाबांनी आधी स्वतःच्या तोंडाने म्हणावं, "चुकलं माझं." मग तू येणार. त्या दिवशी त्या शिक्षिका चष्मा परत घेऊन आल्या, जिन्याच्या पायऱ्या तरंगताना दिसतात म्हणाल्या, आणि बाबांनी भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर तुला "डोळे असून आंधळा" म्हटलं. ह्याच्या हाती दुकान म्हणजे माकडाच्या हाती कोलीत, असंही. डाव्या-उजव्याचा नंबर त्यांनीच तुला उलटा सांगितला होता, असं तुझं म्हणणं. मी तिथे नव्हते, पण तुझ्यावर माझा विश्वास आहे. बाबा घाईत असले की डावं-उजवं करायचेच. चूक त्यांची होती, असं धरूनच चालू.

पण अरे, ज्या माणसाला भांडणच आठवत नाही त्याने माफी कशाची मागायची?

ते तुला ओळखतात तोवर येऊन जा. माझं एवढंच मागणं आहे. बाकीचं सगळं मी करतेच आहे.

ताई


२१ जानेवारी

बारक्या,

तुझं पत्र मिळालं. चारच ओळी, पण त्यातल्या एका ओळीने माझं पोट भरलं. "त्यांना सोयीचं तेवढं बरं विसरता येतं."

उचलली जीभ लावली टाळ्याला. सोयीचं? परवा ते आंघोळीला गेले आणि नळ कुठल्या बाजूला फिरवायचा ते विसरले. थंड पाण्याखाली तसेच उभे राहिले, हाक मारायचीही लाज वाटली म्हणून. ह्यात कुणाची सोय आहे ते मला सांग.

जाऊ दे. भांडायला बसले तर माझं आणि तुझं सुरू होईल, आणि ते मला झेपणार नाही. मी दमलेय. सकाळी त्यांचं सगळं आवरून प्रयोगशाळा, संध्याकाळी परत तेच, आणि मधल्या वेळात पिल्लं.

मला ही नोकरी लागली तेव्हा तू विचारलं होतंस, कोंबडीच्या पिल्लाला आठवायला असतं तरी काय? मला राग आला होता. तू खरंच विचारत होतास की टोमणा होता ते मला कळलं नाही. आज सांगते, कारण तुझ्या त्या ओळीचा आणि माझ्या कामाचा संबंध आहे.

आमच्याकडे एका दिवसाची पिल्लं येतात. दोन-दोन करून खोक्यात ठेवायची, वर ऊब द्यायला दिवा. दोनच का, तर एकटं पिल्लू कामाचं नसतं. ते नुसतं ओरडत बसतं, कशाला चोच लावत नाही. जोडीतल्या एकाच्या डोक्यावर निळा ठिपका करायचा, म्हणजे कोण कुठलं ते कळतं. मग तारेच्या टोकाला लावलेला चकचकीत मणी त्यांच्यापुढे धरायचा. पिल्लू टोचतंच, चकचकीत दिसलं की त्याला राहवत नाही. मणी कडू द्रवात बुडवलेला असतो. टोचलं की डोकं झटकतं आणि चोच जमिनीला पुसतं. दुसऱ्या दिवशी तोच मणी कोरडा, स्वच्छ धरला तरी तोंड फिरवतं. एकदाच चाखलेलं, पण लक्षात राहतं.

हे चांगल्या जालीम कडूचं झालं. तोच द्रव भरपूर पाणी घालून पातळ केला तर वेगळं होतं. पिल्लू डोकं झटकतं, काही तास मण्यापासून लांब राहतं आणि दुसऱ्या दिवशी बिनदिक्कत टोचतं. विसरलं. आठवण आधी कच्ची असते, पाटीवर लिहिल्यासारखी. ती पुसायची की पक्की करायची हे पुढच्या थोड्या वेळात ठरतं, आणि ठरवतात ती मेंदूतली रसायनं. त्यातलं एक नॉरअ‍ॅड्रेनलिन, आपण घाबरलो, दचकलो की जे वाढतं ते. आम्ही पातळ कडू चाखलेल्या पिल्लांना सुईने त्याचा थेंब देतो आणि बघतो, आठवण पक्की होते का. निम्म्यांना औषध, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. औषधवाल्यांनी लक्षात ठेवायचं, पाणीवाल्यांनी विसरायचं, असा हिशेब.

म्हणून सांगते, विसरणं हे कुणी सोय बघून करत नाही. बाबांच्या डोक्यातली पक्की करणारी यंत्रणाच बंद पडत चाललीय. ते तुला टाळत नाहीयेत.

तशीही माझी पाटी सध्या कोरी आहे, कारण माझे आकडे बिघडलेत. मिठाचं पाणी दिलेली पिल्लंसुद्धा विसरायला तयार नाहीत. मणी दिसला की तोंड फिरवतात. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या प्रमुख, म्हणाल्या की द्रव नीट पातळ केला नसेल. मी तीनदा नव्याने केला. तरी तेच. घरातला विसरतोय आणि इथली विसरत नाहीत, मी कुणापुढे डोकं आपटू?

तू ये. अट ठेव खिशात आणि ये.

ताई


९ फेब्रुवारी

बारक्या,

मोबाईलवर आवाज पाठवलाय. शांत जागी बसून ऐक. जास्त काही लिहीत नाही, तू ऐकलंस की तुला कळेल.

ताई


१६ फेब्रुवारी

बारक्या,

तू रडलास असं लिहिलंस. तू आणि रडणं. लहानपणी दार लागून बोट चेंगरलं होतं तेव्हाही तू रडला नव्हतास, दाराला लाथ मारली होतीस.

तिकीट काढलंस हे वाचून मला जिन्यातच बसावंसं वाटलं. पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात म्हणजे चांगलंच. तुझ्या अंथरुणाचं मी बघते. बाबांना सांगितलं, बारक्या येतोय. खूश झाले. जरा वेळाने परत सांगितलं, परत तितकेच खूश झाले. ह्या आजाराचा एवढा एक फायदा आहे, एकच आनंदाची बातमी कितीदाही देता येते.

ते असं अचानक कसं काय म्हणाले, असं तू विचारलंस. सकाळी चहा घेता घेता बोलले. मोबाईल माझ्या हातात होता, म्हणून मिळालं. असतात कधीकधी त्यांचे चांगले दिवस.

येताना लोकरीचं काहीतरी आण, इकडे अजून गारठा आहे.

ताई


१ मार्च

बारक्या,

हे पत्र तू निघायच्या आधी मिळावं म्हणून घाईने लिहितेय. वाचून झाल्यावर जे करायचं ते कर.

तो आवाज मी बसवलेला होता.

मी त्यांना ते वाक्य शिकवलं. रोज सकाळी चहा पुढे ठेवायचा आणि म्हणायचं, बोला बाबा, "चुकलं माझं, बारक्या." ते आज्ञाधारक मुलासारखे बोलायचे. आधी अर्धंच म्हणायचे, मग "कुणाला म्हणू?" असं विचारायचे, मग बिस्किटाकडे बघायचे. बोलले की मी बिस्किट द्यायची. हो, बिस्किट. पिल्लांबरोबर राहून मला दुसरं सुचणार काय? बऱ्याच सकाळी गेल्या. एकदा आवाज छान लागला, जरा घोगरा, थांबत थांबत. आधीचं माझं "बोला बाबा" मी कापलं आणि तुला पाठवलं.

मला वाटलं होतं, तू येशील, त्यांना बघशील, मग कसली अट आणि कसलं काय. आलास की सांगायचं असंही ठरवलं होतं. आता ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही.

न सांगता राहवत नाही त्याला कारण झालंय. ते वाक्य बाबांच्या तोंडात बसलंय. नवीन काही टिकणार नाही असं डॉक्टर म्हणाले होते, पण रोज घोटून घेतलेलं कुठूनतरी टिकलं. आणि आता ते सगळ्यांना म्हणतात. दूध टाकणाऱ्याला, "चुकलं माझं." काकूंनी ताट पुढे ठेवलं की त्यांना, "चुकलं माझं." काल लिफ्टचं दार बंद होताना त्यांनी लिफ्टला म्हटलं. बरोबर एक ओळखीचे गृहस्थ होते, ते हसले. बाबाही हसले, आणि पुन्हा म्हणाले. तुझं नाव मात्र गळून पडलंय.

रात्री पांघरूण घालायला गेले तर माझा हात धरून म्हणाले, "चुकलं माझं." मी म्हटलं, काही चुकलं नाही बाबा, झोपा. तर त्यांचा चेहरा उतरला. काय चुकलं हे त्यांना माहीत नाही, पण काहीतरी फार मोठं चुकलंय असं त्यांना आता दिवसभर वाटत राहतं. आधी ते विसरलेले होते, पण सुखात होते. आता विसरलेलेच आहेत आणि अपराधी आहेत. हे मी केलं, तुझ्यासाठी आणि माझ्यासाठी. मला त्याची फार लाज वाटते.

तुला जे एकट्याला हवं होतं ते आता अख्ख्या इमारतीला मिळतंय.

तिकीट रद्द करायचं असेल तर कर. पण त्यांच्यावर रागावू नकोस, माझ्यावर रागाव.

ताई


१९ मार्च

बारक्या,

तू आला नाहीस. पत्र नाही, फोन नाही. मी केला तर उचलत नाहीस. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, आपल्या घरात तर सुंभही अजून धड जळलेला नाही. मी तुझ्या जागी असते तर मीही असंच केलं असतं कदाचित. पण मी तुझ्या जागी नाही, मी इथे आहे.

अंथरूण घालून ठेवलं होतं ते काल उचललं.

वाचत असशील असं धरून एक सांगते. माझे आकडे का बिघडले ते कळलं.

मोठ्या बाईंनी सोमवारी दुपारी माझ्या शेजारी खुर्ची टाकली. म्हणाल्या, तू नेहमी करतेस तसं कर, मी बघते. मी पिल्लांना मणी दाखवला, त्यांनी टोचला, डोकं झटकलं. निळ्या ठिपक्याचं पिल्लू उचलून सुई द्यायला मी पलीकडच्या खोलीत गेले. नियम असा की मिनिटभरात परत आणून जोडीदाराजवळ सोडायचं. सुई दिली आणि फोन वाजला. बाबा. "बारक्या आला का?" मी एका हातात पिल्लू घेऊन त्यांना समजावत बसले. त्या दिवशी ते रडवेले होते, मला फोन ठेववेना. शेवटी आले तर मोठ्या बाई खोक्यापाशी उभ्या होत्या. खोक्यातलं मागे राहिलेलं पिल्लू टाचा उंच करून, मान ताणून ओरडत होतं. माझ्या मुठीतलंही ओरडत होतं, मला बोलण्याच्या नादात ऐकूच आलं नव्हतं.

त्यांनी विचारलं, "हे रोज होतं?"

मी म्हटलं, दुपारी हे चालायचंच, घरी वडील आजारी आहेत.

त्या खोक्याकडे बघत म्हणाल्या, "मग विसरतील कशी? एकटी पडलीत ती."

झालं. इतके महिने मी औषध पातळ करतेय, द्रव बदलतेय, सुया तपासतेय, आणि कारण माझ्याच खिशात वाजत होतं. जोडीदार उचलला की पिल्लू घाबरतं. घाबरलं की जे रसायन मी सुईने देते तेच त्याच्या मेंदूत आपोआप वाढतं. मग मिठाचं पाणी दिलं काय आणि काही नाही दिलं काय, नावापुरतं कडू होतं ते पक्कं बसतं. जोडीला ठेवलं असतं तर दुसऱ्या दिवशी विसरून गेली असती. बाई म्हणाल्या, एकटं पडल्याने असं होतं हे जुन्या लोकांनी पाहिलेलं आहे, आपल्याच ध्यानात आलं नाही. मला ओरडल्या नाहीत. सगळी मालिका रद्द, पहिल्यापासून करायची. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पिल्लांवरून माणसांचं काढू नये, हे मीच नव्या मुलांना सांगते. तरी घरी येताना बसमध्ये मी तुझाच विचार करत होते.

बाबांचं ते बोलणं आठव. "डोळे असून आंधळा." मलाही ते म्हणायचे. आईला म्हणायचे, गिऱ्हाइकांच्या माघारी गिऱ्हाइकांनाही म्हणायचे. आपण स्वयंपाकघरात बसून त्यांची नक्कल करायचो, तू नाकावर चष्मा घसरवून अगदी त्यांच्यासारखा खाकरायचास, आणि आईला हसू आवरायचं नाही. ती गेल्यावरही आपण दोघं करायचो. त्या संध्याकाळी मी घरी असते आणि तू जेवायला बसला असतास तर आपण तेच केलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी तू दुकान उघडलं असतंस. पण मी परीक्षेला दुसऱ्या गावी होते, आणि तू पहाटेच निघून गेलास. परक्या शहरातल्या एका खोलीत, जिथे तुझ्या ओळखीचं माणूसच नव्हतं. पहिलं वर्ष तू कुणाशी बोलत होतास? मी कधी विचारलं नाही. बाबा इथे आमच्यात राहिले, गिऱ्हाइकांत राहिले, त्यांना ते जड गेलं नाही. तू एकटा बसून तेच तेच आठवत राहिलास.

तुझं चुकलं असं मी म्हणत नाही, आणि तू पिल्लू आहेस असंही नाही. मला फक्त फार वाईट वाटलं. इतकी वर्षं मी तुला हट्टी म्हणत आले. तू एकटा होतास हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

लिही काहीतरी. शिव्या दिल्यास तरी चालतील.

ताई


११ एप्रिल

बारक्या,

गेल्या आठवड्यात माझं काम अगदी नियमाप्रमाणे झालं. सुई दिली, पिल्लू मिनिटभरात जोडीदाराजवळ. दुसऱ्या दिवशी मणी धरला तर पाणीवाल्यांनी छान टोचला. विसरली होती. मोठ्या बाईंनी पाठीवर थाप मारली. मीही खूश झाले, आणि मग लक्षात आलं की काम नीट झालं कारण दुपारी फोनच वाजला नव्हता.

मला वाटलं फोन बिघडला. काकूंना विचारलं. म्हणाल्या, नाही गं, हल्ली ते करतच नाहीत, खिडकीशी बसून असतात.

घरी आले, त्यांच्यासमोर बसले आणि मीच विचारलं, बाबा, आज बारक्याची चौकशी नाही केलीत? ज्या प्रश्नाने माझ्या नाकी नऊ आणले होते तोच मी त्यांच्या तोंडून काढायला बघत होते.

ते अदबीने म्हणाले, "कोण बारक्या?"

"तुमचा मुलगा."

"मला मुलगा आहे?" ते सरळ बसले. "वा. काय करतो?"

मी म्हटलं, चष्मे करतो. एका मोठ्या डोळ्यांच्या दवाखान्यात काचा घासतो, बसवतो.

त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "मग मन लावून करत असणार. त्याशिवाय ते काम होत नाही."

मी उठून आत गेले आणि नळ सोडून रडले. ह्यासाठी नव्हते रडले की ते तुला विसरले. तू इतकी वर्षं ज्यासाठी अडून बसलास त्याहून मोठं काहीतरी ते बसल्या जागी बोलून गेले, आणि ऐकायला तू नव्हतास. मी एकटीने ऐकलं. आणि ह्या वेळी मी शिकवलं नव्हतं. विश्वास ठेव अगर ठेवू नकोस, मला आता खात्री पटवून द्यायचा कंटाळा आलाय.

खरं सांगू का? इतके महिने मी तुला लिहितेय, बाबांसाठी ये, बाबांसाठी ये. ते आता संपलं. तू त्यांना आठवत नाहीस. तू नाही आलास तर त्यांना काही कमी पडणार नाही. कमी मला पडतंय. ह्या घरात आता आई आठवणारं, दुकान आठवणारं, तुझी ती खाकरण्याची नक्कल आठवणारं मी एकटं माणूस उरलेय. बोलायला कुणी नाही. मला माझा भाऊ हवाय. हे मी पहिल्याच पत्रात लिहायला हवं होतं.

तू येत नाहीस, तर आम्ही येतोय. मी रजा काढलीय, मोठ्या बाईंनी काही न विचारता सही केली. रविवारी सकाळी आमची गाडी तिथे पोचते, तासाभरात तुझ्या दाराशी येऊ. हे पत्र आधी मिळेल असं बघूनच टाकतेय. तुला बाहेर निघून जायचं असेल तर वेळ आहे. कुलूप दिसलं तर आम्ही जिन्यात बसू, मी त्यांना डब्यातलं खायला घालीन आणि संध्याकाळच्या गाडीने परत फिरू. मी पुन्हा लिहून तुला छळणार नाही.

पण दार उघडलंस तर काही गोष्टी आधीच सांगून ठेवते. ते थकलेत, वाळलेत, दचकू नकोस. आत येताना ते "चुकलं माझं" म्हणतील. उंबऱ्याला म्हणतील, खुर्चीला म्हणतील, तुलाही म्हणतील. ते तुझं म्हणून घ्यायचं की नाही ते तू ठरव, मी त्यावर एक शब्द बोलणार नाही.

मग ते विचारतील, आपण कोण? तू त्यांना आठवण करून द्यायला जाऊ नकोस, जुनं काही काढू नकोस, त्याने ते गोंधळतात आणि घाबरतात. नुसतं नाव सांग आणि शेजारी बस. ते तुला खूप प्रश्न विचारतील आणि प्रत्येक उत्तराला वा म्हणतील. हल्ली त्यांना नवीन माणसं फार आवडतात.

ताई